गिअरचं तेल

सिंदी रेल्वेच्या विमलाबाईनं पंचेचाळिशीत पिकअप चालवायला घेतली, ती काही हौसेनं नव्हे. नवऱ्याचं, रूपरावांचं, गावात बिछायत केंद्र होतं. लग्नाकार्याला कनाती, सतरंज्या, गंज-पातेली, कढया पुरवायच्या आणि त्या घरच्याच जुन्या पिकअपमधून पोचवायच्या, असा वीस-बावीस वर्षांचा धंदा. रूपरावांच्या डोळ्यांचे पडदे अधू झाले आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ ताराचंद म्हणाला, गाडी विकून मोकळे व्हा. पण भाड्याच्या गाडीवर हा धंदा चालत नाही हे नवरा-बायको दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी हंगाम संपलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मोकळ्या आवारात रूपरावांनी बायकोला गाडी शिकवली. सुरुवातीला तिच्या हातून गिअर पडताना असा कर्रकन आवाज व्हायचा की ते कळवळून दाराची कडी धरायचे. 

वर्षभरात तिचा हात बसला. रस्त्यानं जाताना माणसं वळून बघायची, तेही थांबलं. आणि दोन हजार चारच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, एका सकाळी शेड झाडताना तिला गाडीखाली तेलाचा डाग दिसला.

गाडीच्या बरोबर मधोमध, काळपट, दाट. तिनं बोटानं पाह्यलं. तिथंच वरती गिअरबॉक्स आहे एवढं तिला माहीत होतं. आपल्या कच्च्या हातानं आतले दात झिजले, काहीतरी फुटलं, असंच तिनं धरून घेतलं. रूपरावांना सांगितलं तर ते मनाला लावून घेतील, आणि ताराचंदाला तर बोलायला जागाच मिळेल. तिनं डागावर रेती टाकली आणि खराट्यानं ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा होता. रेती टाकायची, ओढायची, हा तिचा रोजचा नेम होऊन बसला. रूपरावांना तेवढं बारीक दिसत नव्हतं, हे त्यात बरं होतं. त्या बरं वाटण्याचीही तिला लाज वाटे.

पवनारच्या वासुदेवरावांच्या नातीचं, वर्षालीचं, लग्न होतं. मांडव घालणारी माणसं सकाळच्या बसनं पुढं गेली. भांडी आणि कनाती भरून विमलाबाई मागून निघाली, शेजारी रूपराव. सेलडोहपर्यंत सगळं ठीक होतं. हमरस्त्याला लागल्यावर खालून एक घरघर सुरू झाली, आणि केळझरच्या चढावर त्या आवाजाचं रडणं झालं. गिअर घट्ट झाला. दोन्ही हातांनी ओढावा तेव्हा पडायचा. विमलाबाईचे तळवे घामानं निसटत होते. हा आवाज यांना ऐकू येत नसेल तर बरं, असं ती मनात म्हणत होती, आणि डोळे गेल्यापासून यांचे कान किती तिखट झालेत हेही तिला माहीत होतं.

"बाजूले घे," रूपराव म्हणाले.

तिनं कडुलिंबाखाली गाडी लावली. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. स्टिअरिंग न सोडताच तिनं सगळं सांगून टाकलं. डाग, रेती, खराटा, सगळं. "माह्याच हातानं खराब झाली गाडी," ती म्हणाली. "तुमाले सांगाची हिंमत नाई झाली."

रूपराव खाली उतरले, सीट पुढं ढकलली, चाचपडत मागच्या पोत्यांखालून एक डबा काढला, मग रबरी नळी, मग नरसाळं. ह्या वस्तू गाडीत आहेत हे विमलाबाईला माहीतच नव्हतं.

"हे कायचं तेल होय?"

"गिअरचं. मी चालवत होतो तवापासूनच थोडंथोडं गळते ते, आता वाढलं असन. मी महिन्याकाठी टाकत जावो. नजर गेल्यावर माह्याकून पाहणं झालं नाई."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

रूपराव डब्याचं झाकण उघडत राहिले. "तू नुकतीच शिकून राह्यली होती. गाडीत खोट हाय म्हणलं असतं, तर तू भेली असती. सोडून देल्लं असतं मंग."

 एकमेकांना जपता जपता दोघांनी मिळून गिअरबॉक्स कोरडा केला होता. विमलाबाईला हसूही आलं आणि रडूही. त्यातलं काहीच न करता तिनं लोडमधली एक सतरंजी ओढली, गाडीखाली अंथरली आणि पदर खोचून आत शिरली.

गाडी निवल्यावर रूपराव बाहेरून सांगत गेले आणि ती करत गेली. बाजूचा बोल्ट पान्यानं फिरवला. भोकात बोट घातलं तर तेल टोकालाही लागेना. तिनं नळी भोकात धरली, रूपरावांनी वर नरसाळ्यात डबा तिरपा केला. तेल सावकाश उतरत राहिलं. किती तरी वेळानं ते भोकातून बाहेर आलं आणि तिच्या मनगटावरून कोपराकडे वाहू लागलं. "भरलं," ती म्हणाली, आणि तशीच पाठीवर पडून तिनं एक लांब श्वास सोडला.

गाडी सुरू केली. घरघर पहिल्या मैलातच उतरत गेली आणि सेलूच्या अलीकडे गिअर पहिल्यासारखा पडायला लागला. तेलानं माखलेल्या लुगड्यानिशीच ती पवनारला पोचली. मांडव वेळेत उभा राहिला, कढया चुलीवर चढल्या, आणि वर्षालीच्या आजीनं आग्रह करून तिला आपलं धुतलेलं पातळ नेसायला दिलं.

दुसऱ्या दिवशी भांडी भरून घेतल्यावर दोघं वर्ध्याला पुंडलिक मिस्त्रीकडे गेले. त्यानं गिअरबॉक्स उघडला तेव्हा विमलाबाई तोंड फिरवून उभी होती. त्यानं हाक मारून तिला जवळ बोलावलं. दात सगळे शाबूत होते. मागच्या बाजूचं, तेल अडवणारं रबरी ऑइल सील तेवढं वाळून कडक झालं होतं.

"बाईच्या हातानं काई झालं नाई," मिस्त्री म्हणाला. "रबर जुनं झालं, बस."

तिनं त्याला तेच पुन्हा एकदा विचारलं. ऐकायला बरं वाटत होतं.

नवं सील बसवून घेऊन दुपार कलल्यावर ते परत निघाले. सेलू मागं पडलं तशी रूपरावांची मान एका बाजूला कलली. ती चालवत असताना ते आजवर कधी झोपले नव्हते. विमलाबाईनं त्यांच्या बाजूची काच थोडी वर केली, गरम वारा लागू नये म्हणून, आणि आपल्या चालीनं गाडी सिंदीकडे नेली.