रखमाकाकूंचं हळदीकुंकू

बडोद्याच्या समा भागातल्या एका सोसायटीत संयोगिताच्या हळदीकुंकवाचा थाट मोठा. सासरचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, त्याचा तोरा हिच्या बोलण्यातून अजून उतरला नव्हता. यंदा रथसप्तमीच्या दोन दिवस आधी बायका जमल्या, आणि दारात शेजारच्या रखमाकाकू येऊन उभ्या राहिल्या. नेसायला काळी चंद्रकळा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

आत कुजबुज सुरू झाली. काकूंचे यजमान जयवंतराव जाऊन तीन वर्षं झाली होती. काकूंना स्मृतिभ्रंश झालाय, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं. ठाऊक असूनही कुणी समजून घेत नव्हतं.

संयोगिता उंबऱ्यात आडवी आली. "काकू, हे सवाष्णींचं आहे. तुम्ही कुंकू कसलं लावलंत?"

"अगं, रोजच लावते की."

"काका जाऊन तीन वर्षं झाली. आता तरी लक्षात ठेवा!"

काकूंचा चेहरा उतरला. "हे गेले? मला कुणी सांगितलं नाही," म्हणत त्या जिन्यावर बसल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला. सून मोहना धावत आली.

"वहिनी, असं कसं बोललात? त्यांना दर वेळी ते आजच कळतं."

"मग कोंडून ठेव. शुभकार्यात अपशकुन नको. रविवारी कमिटीत विषय काढते. बाहेरून कुलूप लावा, नाहीतर फ्लॅट सोडा."

मोहना सासूला घरात घेऊन गेली. रडणं ऐकून समोरच्या निरुपमाबेन बाहेर आल्या होत्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, गुजराती, एकट्या राहणाऱ्या.

"संयोगिताबेन, मी पण विधवा. आठ वर्षांत तुम्ही मला एकदा पण नाय बोलावलं. मला याद आहे, एटले, म्हणून मी गपचूप घरी बसते. त्या रखमाबाला याद नाय, एवढाच ने तिचा गुन्हा?"

"हे आमच्यातलं आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"रडणं सगळ्यांना कळतं, बेन. तुम्ही तिला रोज नव्याने विधवा करता."

संयोगिताने दार लोटून घेतलं. पण पुढे तिचं कशात लक्ष लागेना.

अर्ध्या तासाने बेल वाजली. पुन्हा रखमाकाकू! तोंड धुतलेलं, कुंकू नव्याने लावलेलं. मागे मोहना, धास्तावलेली.

"उशीर झाला गं. यांचा चहा करून आले. येऊ ना?"

मघाचंच वाक्य संयोगिताच्या जिभेवर तयार होतं. तिने काकूंकडे पाहिलं. डोळे अजून सुजलेले होते, आणि ते का सुजले हे काकूंना माहीत नव्हतं. संयोगिताला मात्र माहीत होतं. तिला स्वतःची शरम वाटली.

"या ना काकू," ती म्हणाली आणि त्यांना हळदकुंकू लावलं. जमलेल्या बायकांपैकी दोघीजणी वाण न घेता तणतणत निघून गेल्या. तिने त्यांना थांबवलं नाही. समोरचं दार वाजवून निरुपमाबेनना मात्र हाताला धरून आणलं.

काकू तृप्त होऊन उठल्या. "निघते गं. हे वाट बघत असतील."

मोहनाने धसकून संयोगिताकडे पाहिलं. संयोगिताने काकूंच्या हातावर तिळगुळाचे आणखी दोन लाडू ठेवले. "काकांनाही द्या."

बडोदेकरहो, असं एखादं माणूस आपल्याही शेजारी असेल. त्याची आठवण आपण परत आणू शकत नाही. पण त्याच्या हाती जी रीत, जी माया उरली आहे, तिच्यासह त्याला घरात घेणं आपल्याला जमण्यासारखं आहे. तेवढंही होत नसेल, तर आपलं सारं सोवळं फुकट आहे.