नवव्या रकान्यातलं डिट्टो

चांदणी भाईंदरच्या तपासणी केंद्रात समुपदेशक म्हणून लागली, तेव्हा आधीच्या बाईंनी तिला सगळं नीट शिकवलं होतं. एचआयव्ही निघालेल्यांची एक वही होती. तिचा नववा रकाना 'लागण कशातून' असा. नवं पान लागलं की वर एकदा 'स्त्री-पुरुष संबंध' लिहायचं आणि खाली पानभर डिट्टोच्या खुणा ओढून ठेवायच्या. माणसं यायची ती नंतर. विचारलं की लोक खाली बघतात, वेळ जातो, आणि कॉम्प्युटर काही रकाना रिकामा ठेवू देत नाही. वरच्या ऑफिसातून दर तिमाहीला शाबासकी यायची, भाईंदरची माहिती एकदम स्वच्छ म्हणून.

बुधवारी उत्तनची इनेझ आली. पाचवा महिना. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, नवरा पास्कल, त्याचा निगेटिव्ह. चांदणीने तिला पाणी दिलं, औषधं वेळेवर घेतली तर बाळ सुखरूप राहू शकतं हे दोनदा सांगितलं, आणि उपचार केंद्राची चिठ्ठी वहीवरून उतरवून तिच्या हातात ठेवली. इनेझ शाळेतल्यासारखी बोट फिरवत वाचायला लागली. बोट नवव्या ओळीवर थांबलं.

"ह्ये तुला कोनी सांगितलं?"

कोणीच नव्हतं सांगितलं. चांदणीने तसं कबूल केलं.

इनेझ रडली नाही. म्हणाली, पास्कल खाली स्कूटर लावतोय, वर आला की आधी चिठ्ठी मागेल. होडीवरच्या बर्फाची पावतीसुद्धा दोनदा वाचणारा माणूस. त्याला नाही आणि तिला आहे, त्यात हे असं लिहिलेलं.

"मंग मी कोनाकडं गेलेली, ते पन लिव."

चांदणीने चौदा महिन्यांच्या नोकरीत पहिल्यांदा नववा प्रश्न विचारला. पास्कलशिवाय कोणी नाही. थोरल्या मुलीच्या बाळंतपणात ऑपरेशन, रक्ताच्या दोन बाटल्या. त्याआधी तापात कुठल्याशा डॉक्टरची इंजेक्शनं. नक्की कशातून, ते इनेझलाही सांगता येईना. चांदणीने डिट्टो खोडलं आणि नवी चिठ्ठी लिहिली. लागण कशातून: निश्चित नाही.

पास्कलने ती दोनदा वाचली.

"म्हंजे सरकारला पन म्हाईत न्हाय?"

"नाही," चांदणी म्हणाली.

त्याने चिठ्ठीची घडी खिशात ठेवली, इनेझची पर्स स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि उपचार केंद्र किती वाजता उघडतं ते विचारलं.

शुक्रवारी वरच्या ऑफिसातून योगेंद्र सरांचा फोन आला. भाईंदरच्या आकड्यांत एक 'निश्चित नाही' घुसलंय, डेटा खराब दिसतोय, तेवढं दुरुस्त करून पाठवा.

"सर, तेवढंच बरोबर आहे. बाकीच्या एकवीस जणांना मी विचारलेलंच नाही."

सर म्हणाले, हे मेलवर लिहू नका.

चांदणीने वही स्वतःच्या अक्षरातल्या पहिल्या पानावर उघडली आणि पहिल्या नावासमोरचा नंबर लावला. रिंग वाजत होती, तोवर तिने पेनाचं टोपण काढलं नाही.