ट्यूबाचं बूच

विलिसोनी वारला, तेव्हा त्याचा ट्यूबा, ते फुंकून वाजवायचं अगडबंब पितळी वाद्य, आता चर्चच्या बँडकडे परत जाणार असं टोंगा बेटांवरच्या नेइयाफूत सगळे धरूनच चालले होते. त्याच्या बायकोने, पेलेनाइसेने, तो दिलाच नाही; बँडमध्ये आता मीच वाजवीन म्हणाली. बँडप्रमुख केलेपी विलिसोनीचा चुलतभाऊ. तो समजूत काढायला आला.

"वहिनी, हे धूड बाईमाणसाला झेपणार आहे का?"

"पाच पोरं झेपली. हे तर मुकाट मांडीवर बसतं."

"मग बँडच्या स्पर्धेआधी सगळ्यांसमोर वाजवून दाखवा. खालचा लांब सूर मध्येच तुटला, तर ट्यूबा बँडचा."

"बरं."

दिवसभर ती शाळेच्या स्वयंपाकघरात राबायची, म्हणून सराव संध्याकाळीच. आठवडा सरायच्या आत गेस्ट हाउसवाल्या लोसालीनेने गावच्या अधिकाऱ्याकडे तक्रार केली: पाहुण्यांची झोपमोड होते. अंधार पडल्यावर आवाज बंद, असा हुकूम सुटला.

पेलेनाइसे सराव सोडणार नव्हती. तिने ट्यूबाचंच रुंद तोंड बुजवायचं ठरवलं. आवाज दाबायचं विकतचं बूच इथे कुठून मिळणार? तिने एक निमुळती बादली ट्यूबात कोंबली. पहिल्याच फुंकीला ती उडाली आणि अंगणातल्या डुकरावर आदळली. मग चटई गुंडाळून घातली. वाराच बाहेर पडेना. शेवटी तिने जुन्या रबरी चपला कापून त्यांच्या जाड पट्ट्या बादलीला उभ्या चिकटवल्या. आता बादली गच्च बसली आणि पट्ट्यांमधल्या फटींतून वारा सुटू लागला. आवाज मांजराच्या गुरगुरीएवढा. सूर मात्र चढा लागत होता, म्हणून तिने ट्यूबाची नळी जरा बाहेर ओढली. जुळला.

त्या बुचाविरुद्ध फुंकताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. ती थांबायची, बादलीला शिव्या घालायची, पुन्हा फुंकायची.

परीक्षा झाली ती गेस्ट हाउसला खेटून असलेल्या चर्चच्या हॉलमध्ये, भर दुपारी. बूच तिने घरीच ठेवलं होतं. नळी आत ढकलून तिने स्तोत्राच्या पहिल्या कडव्यातला खालचा लांब सूर धरला. छाती अशी तयार झाली होती की सूर जागचा हलला नाही. खिडक्यांच्या काचा तेवढ्या थरथरल्या.

गेस्ट हाउसवाली लोसालीने धावत दारात आली. "अगं, माझी माणसं झोपलीत!"

"एवढा समुद्र ओलांडून झोपायला आलीत?"

केलेपीने हसू दाबलं. "वहिनी, ट्यूबा तुमचाच. आता बास करा."

"दुसरं कडवं राहिलंय," पेलेनाइसे म्हणाली आणि तिने छातीभर श्वास घेतला.