भागूबाईंचे तळहात

"वांगं खाल्लं आसंल हिनं चोरून. दुसरं काय न्हाई."

न्हाणीत पाय पसरून बसलेल्या भागूबाई पुटपुटल्या. त्यांच्या नडग्यांवर पाच महिन्यांची नात, राजनंदिनी. मी त्यांची धाकटी जाऊ, गरम पाण्याची बादली धरून शेजारीच उभी. दारात सून रोहिणी. तिनंही ऐकलंच असणार.

बाळंतपणापासून रोहिणीनं वांगं काय, शेंगदाणासुद्धा तोंडात घातला नव्हता. भाकरी आणि दुधी. आता दुधीलाच तिचा कंटाळा आला असेल. तरी पोरीच्या गालांवर, गुडघ्यांमागं लाल चट्टे. शेवटी भागूबाईंनी ठरवलं, आईचं दूध बाधतंय, सोमवारपासून बंद. आज सोमवार. पावडरीचा डबा ओट्यावर येऊन बसला होता.

शनिवारी मी रोहिणीला आणि पोरीला घेऊन श्रीगोंद्याला डॉक्टरीणबाईंकडं गेले होते. त्या म्हणाल्या, "दुधाचा काही दोष नाही. हिच्या कातडीचा वरचा थरच जन्मापासून कच्चा आहे, गिलावा पडलेल्या भिंतीसारखा. त्यात तुम्ही लव काढायला डाळीच्या पिठाचा गोळा फिरवता. भेगांतून पीठ आत जातं. तोंडावाटे आलेल्याला अंग बहुतेक वेळा पाहुणा मानतं, भिंतीतून शिरलेल्याला चोर. मग मारामारी होते, तीच ही आग." आणि विचारलं, "घरात आणखी कुणाची कातडी अशी?"

रोहिणी फरशीकडं बघत राहिली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

सव्वीस वर्षं मी भागूबाईंचे हात बघतेय. थंडीत भेगा, नडग्यांवर माशासारखे खवले. पाहुणे आले की हात पदराखाली. त्यांना बघायला आले तेव्हा आईनं हातांना लोणी चोळून बसवलं होतं म्हणे. घरात सगळ्यांना ठाऊक, कुणाच्याच तोंडी नाही.

"पीठ नको, आत्या," रोहिणी सासूला म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी बजावलंय."

"तिनं किती पोरं न्हाऊ घातली? तुझा नवरा, माझा श्रीमंत, ह्याच पिठानं वाढलाय."

"आन् रातभर खाजवायचा," मी बोलून गेले. त्यांनी असं पाहिलं की बादली हातात जड झाली.

गोळा पोरीच्या दंडावर फिरला. ती किंचाळली. बघता बघता दंडावर गांधी उठल्या, खांद्यापर्यंत.

"द्या तिला इकडं!" रोहिणी आत आली. आत्यांसमोर तिचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला.

भागूबाई हलल्या नाहीत. रडून रडून पोरीची मूठ उघडली होती. इवलासा तळवा, आणि त्यावर म्हातारीच्या हातासारख्या खोल, दाट रेषा. भागूबाईंनी त्याच्याशेजारी आपला पिठानं भरलेला तळहात धरला. दोन्हींवर त्याच रेषा.

मग गोळा मोरीत टाकला. साध्या पाण्यानं पोरीला धुतलं, पदरानं हलकेच टिपलं आणि रोहिणीच्या हातात दिलं.

"पाज तिला," त्या म्हणाल्या. "तुझं दूध न्हाई गं बाधलं. ही माझी कातडी हाय."