दोन खळग्यांचा दगड

घाणा भरून झाला, बाकीच्या बायकांनी मुसळांवरचे हात काढून घेतले, तरी जयवंतीची मूठ सुटेना. एकत्र बांधलेली ती दोन मुसळं तशीच उभी धरून ती खाली खलात वाकून बघत होती.

"अगं, सोड की आता," मीनल म्हणाली. "फोटोसुद्धा काढून झाले."

मीनलच्या लेकीचं, रुचिराचं, लग्न रविवारी होतं आणि सेरंगूनच्या त्यांच्या काँडोमधल्या हॉलमध्ये हळदीचा गोंधळ चालला होता. मुसळं पुण्याहून सामानातून आली होती. चांगी विमानतळावर कस्टमच्या माणसाने ती कशी उलटसुलट करून पाहिली, हे मीनल येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला रंगवून सांगत होती. आंब्याची पानं, खण, हळकुंड, सुपारी असं सगळं बांधून जोडी नटवली होती. उखळ मात्र पुण्याहून आणणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं, म्हणून टेक्का मार्केटमधून काळ्या दगडाचा एक भलाथोरला खल आणून त्यावर भागवलं होतं.

जयवंतीच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये असला धोंडा कधी आलाच नसता. तिचा नवरा निशिकांत जहाजावर इंजिनियर. "अजून दोन वर्षं, मग परत" हे त्याचं पालुपद ऐकत त्यांची मुलगी इरा सोळा वर्षांची झाली होती. बॅगेत मावणार नाही ते घ्यायचं नाही, असा घरचा नियम होता. खुर्च्यासुद्धा घडीच्या होत्या.

जयवंतीने मुसळं हळूच वर उचलली. खलाच्या तळाशी हळदीत दोन गोल ठसे उमटले होते, एकमेकांना अगदी खेटून.

"पुन्हा मारूया," ती म्हणाली.

"काय?"

"पुन्हा एकदा. धरा सगळ्यांनी. हवं तर गाणंही म्हणा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. लग्नघरात हट्टाला नाही म्हणत नाहीत, म्हणून त्यांनी हात लावले. मुसळं वर गेली, खाली आली, पुन्हा गेली. खणाने घट्ट बांधलेली जोडी, पाच जणींचे हात. हलायला जागाच नव्हती. ठसे पुन्हा तिथेच उमटले. जयवंतीच्या तोंडून एवढ्या मोठ्याने "हो!" निघालं, की पलीकडे मेंदी काढत बसलेली नवरी दचकली.

"आई, प्लीज लाह," इरा कानाशी येऊन इथल्या शाळेतल्या बोलीत म्हणाली. "सगळे बघतायत."

"बघू देत. तुझा फोन दे इकडे."

तिने खलाचे इतके फोटो काढले, की नवरीचेही कुणी काढले नसतील.

गेली काही वर्षं जयवंती एका बुडालेल्या वसाहतीच्या मागे लागली होती. पोर्ट हॅलोवे तिचं नाव. सामुद्रधुनीच्या उत्तरेकडच्या एका लहानशा बेटावर कंपनी सरकारच्या साहेबांनी ती मोठ्या थाटात वसवली. मुंबईहून कोकणातले खलाशी आणि पाथरवट बायकामुलांसकट नेले. मग ताप आला, जायफळाची रोपं कुजली आणि तिसऱ्याच पावसाळ्यात साहेबांनी झेंडा उतरवला. जाताना लिहून ठेवलं, की बेटावर आता कोणी उरलेलं नाही. त्यांना न्यायला आलेलं जहाज एकच होतं आणि त्यात सगळे मावणं शक्य नव्हतं. पण मग उरलेल्यांचं काय झालं, हे विचारावं असं दोनशे वर्षांत कुणाला वाटलं नव्हतं.

जयवंतीला वाटलं. इराला शाळेत सोडून ती विद्यापीठात जाऊ लागली आणि चाळिशी उलटल्यावर पीएचडीला बसली. तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या मागे राहिलेल्या माणसांवर होतं आणि तेच आता जाणार होतं. तिचे मार्गदर्शक प्रोफेसर टॅन भला माणूस, पण चहा पाजून नकार देणारा. "तर्क सुंदर आहे," ते म्हणाले होते, "पण पुरावा नाही. सोमवारी प्रबंध द्याल तेव्हा हे प्रकरण काढून द्या." त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या संग्रहालयात पोर्ट हॅलोवेचं प्रदर्शन उघडायचं होतं. 'एका असफल वसाहतीची गोष्ट' असं त्याचं नाव ठरलं होतं. मधोमध बेटावरून आणलेला एक जांभा दगड ठेवायचा होता. दगडाला वर एक पोकळी आणि पोकळीच्या तळाशी शेजारी शेजारी दोन खळगे. खाली पाटी: 'झेंड्याच्या काठीची बैठक'.

हे उखळ असेल, असं जयवंती एकदा म्हणाली होती. टॅन हसले नव्हते. त्यांनी तिला खळगे दाखवून विचारलं होतं, "एका उखळात दोन मुसळं एकदम कोण मारतं?" शिवाय भात कांडायला पोकळी लहानच होती. तिने वहीतली ती नोंद खोडून टाकली होती.

आता तिला स्वतःचाच राग येत होता आणि हसूही. दोन मुसळं एकदम! तिच्या स्वतःच्या लग्नात मारली होती, नणंदेच्या मारली होती, चिपळूणला चुलतबहिणीच्या लग्नात तर हाताला फोड येईपर्यंत मारली होती. पण ते होतं लग्नातलं शास्त्र. ते पार पाडायचं, पेढा खायचा आणि विसरायचं. शास्त्राचा घावही शेवटी दगडावरच पडतो, हे सेमिनारच्या खोलीत तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"मीनल, ही मुसळं मला सोमवारी हवीत."

"लग्न लागेपर्यंत घराबाहेर काढायची नसतात हं."

"लागू दे की. सोमवारी सकाळीच येते."

सोमवारी सकाळी सर्कल लाइन मेट्रोच्या गर्दीत नटलेल्या मुसळांची जोडी कडेला धरून जयवंती उभी होती. पानं सुकली होती, खण तेवढा लालभडक होता. इराची सुट्टी होती आणि मदतीला म्हणून ती आली होती, पण दोन दारं सोडून उभी होती. शेजारच्या एका मलाय बाईने मुसळांकडे बोट करून भुवया उंचावल्या.

"वेडिंग," जयवंती म्हणाली.

"युअर डॉटर?" बाईने हसून विचारलं.

लांबून इराने कपाळाला हात लावला.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत दगड टेबलावर ठेवलेला होता आणि टॅन हातमोजे घालून उभे होते. फोटो त्यांना आदल्या दिवशीच गेले होते. त्यांचं बोलणं इंग्रजीतच असे, हळू आणि तोलून मापून.

"फोटो पाहिले," ते म्हणाले. "पण हळद मऊ असते. हा दगड आहे."

"म्हणून तर ही आणली." जयवंतीने मुसळांची टोकं कोरड्या फडक्याने पुसली. "मारणार नाही, घाबरू नका. फक्त ठेवते."

तिने जोडी पोकळीत अलगद सोडली. मुसळं किंचित डगमगली. तिने ती जराशी फिरवली, आणि दोन्ही टोकं दोन्ही खळग्यांत जाऊन बसली. तिने हात काढून घेतला. जोडी उभीच राहिली.

टॅन वाकले. त्यांनी टॉर्च लावून सगळीकडून पाहिलं, मग हातमोजा काढला आणि खळग्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कड गुळगुळीत होती.

"झेंड्याची काठी एकदा रोवली की हलत नाही," जयवंती म्हणाली. "ती दगड झिजवेल कशाला? आणि तिला दोन पाय कशाला हवेत?"

"हे फक्त लग्नातच करतात?"

"फक्त लग्नातच. हळदीसाठी. एरवी दोन मुसळं एकत्र बांधत नाहीत. आमच्याकडे काही घरी त्यासाठी वेगळं लहान उखळ राखून ठेवतात."

"आणि एका लग्नात किती वेळ मारतात?"

"गाणं संपेपर्यंत. तेवढ्यानं दगडाला ओरखडासुद्धा उठत नाही, प्रोफेसर."

जयवंतीने जोडी उचलून हातात घेतली आणि टॅननी बोटाचं पेर खळग्यात घातलं. ते पुरतं आत गेलं. एरवी कशाचाही आकडा चटकन सांगणारा हा माणूस, त्याचे ओठ नुसते हलत होते.

"मग," ते शेवटी म्हणाले, "किती लग्नं लागली असतील इथे?"

जयवंती पुन्हा त्या खळग्यांकडे बघू लागली. कुणी उरलेलं नाही असं लिहून साहेब निघून गेले, आणि त्यांच्या पाठीमागे तिथे हळदी लागल्या. पोरी मोठ्या झाल्या, नवऱ्या झाल्या, त्यांच्या पोरींनाही हळदी लागल्या. ताप येऊन गेला असेल, उपाशीही राहिले असतील. पण त्या बायकांनी मुसळं बांधायचं सोडलं नाही. दरवेळी पाच जणी जमल्या होत्या. दरवेळी कुणीतरी गायलं होतं.

"मोजता येणार नाहीत," ती म्हणाली. आणि मग न राहवून, खणखणीत आवाजात, "पण बुडालेल्या वसाहतीत एवढी लग्नं लागत नाहीत. बुडाले ते साहेब!"

टॅन हसले. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी प्रदर्शनाच्या पाटीच्या कच्च्या प्रतीवरचा 'असफल' हा शब्द खोडला. त्या जागी काय लिहायचं हे त्यांना सुचेना, तेव्हा त्यांनी पेन्सिल जयवंतीपुढे धरली.

"चौथं प्रकरण पहिलं करा," ते म्हणाले. "मुदत मी वाढवून घेतो."

दारात उभी असलेली इरा पुढे आली आणि आईच्या हातातली मुसळं तिने स्वतःच्या खांद्यावर घेतली. परतीच्या गाडीत ती आईला चिकटून उभी होती. कुणी बघितलं की स्वतःच सांगत होती, "दीज आर टू हंड्रेड इयर्स ओल्ड, यू नो." तसं काही नव्हतं, पण जयवंतीने तिला अडवलं नाही.

मुसळं परत द्यायला त्या मीनलकडे पोहोचल्या, तेव्हा ती खोकी भरत होती. लग्नापुरतेच थांबले होते ते लोक; नवऱ्याचा नोकरीचा पास संपत आला होता. कोपऱ्यात तो खल पडलेला होता, तळाशी पिवळा.

"पुण्याला हा नेणार कोण?" मीनल म्हणाली. "खाली कचऱ्याच्या खोलीत ठेवून जाईन."

जयवंती खलाकडे बघत राहिली.

"मला दे," ती म्हणाली.

"तुला? अगं, तुमचं तर घडीचं घर!"

"मुसळंही दे मग. इराच्या वेळेला लागतील."

इराने "आई!" म्हणून डोळे मोठे केले, पण खलाची एक बाजू धरायला तीच आधी वाकली. टॅक्सीवाल्या अंकलने डिकी उघडून दिली आणि गाडी मागून खाली बसली तसा तो हळहळला.

संध्याकाळी निशिकांतचा व्हिडिओ कॉल आला. जहाज फुजैराला लागलं होतं. इराने आईचा पराक्रम त्याला अर्धा मराठीत, अर्धा इंग्रजीत सांगितला आणि तो इतक्यांदा "शाब्बास" म्हणाला, की जयवंतीला लाजायला झालं. मग त्याची नजर तिच्या मागे गेली. स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला लागून, काळा दगड बसवलेला होता.

"हे काय आणलंस? केवढा धोंडा तो! परत जाताना हा उचलणार कोण?"

जयवंतीने वळून खलाकडे पाहिलं, मग इराकडे.

"कोणीच नाही," ती म्हणाली.