रक्तपेढीचा लॉग, एका ओळीच्या जागेसाठी

मी लॉग बोलतोय, प्रोग्रॅमची नोंदवही. बोलतोय कसला, आजवर नुसतं ऐकलं. रक्तपेढीचा प्रोग्रॅम जे करतो, ते एकेका ओळीत माझ्यात लिहितो. रक्ताच्या थंड कपाटाचं दार उघडं राहिलं तर तशी ओळ पडते आणि ती पडली की भिंतीवरची घंटा वाजते. एवढंच माझं काम.

मला ताईंनी घडवलं. प्रोग्रॅमही त्यांचाच. हात राखून लिहायच्या. जुन्या ओळी आणि जुने लॉग वेळेवर पुसायचा नियमही त्यांनी घालून दिला होता.

मग प्रोग्रॅममध्ये एक लायब्ररी आली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून दिलेला कामाचा तुकडा, पाहुणाच म्हणा. ताईंच्या धाकट्या दिरांनी लिहिलेली. कपाटाच्या थर्मामीटरचे आकडे चोख वाचायची, पण तोंडाला कुलूप नाही. वाचायच्या आधी सांगणार, वाचताना सांगणार, वाचून झाल्यावर पुन्हा सांगणार, आणि दर वेळी माझ्यात एक ओळ. वर माझे नियम मोडून स्वतःचे लावले. पुसणं थांबलं. मी फुगत गेलो, दमलो. कुणाला सांगणार?

एका दुपारी जागा संपली. नेमकं तेव्हाच कपाटाचं दार नीट लागलं नाही. प्रोग्रॅम ओळ घेऊन आला. मला ती घेता आली नाही. घंटा गप्प. संध्याकाळी रक्तपेढीच्या मावशींनी पिशव्यांना हात लावला, तर त्या कोमट लागल्या. सगळं रक्त टाकावं लागलं. एका बाळंतिणीसाठी दुसरीकडून आणलं. वेळेत पोचलं, तिचं नशीब.

ताईंनी दिरांना बोलावून घेतलं.

"भावोजी, तुमचं लेकरू फार बडबडं हो."

"वहिनी, काही बिघडलं तर तुम्हालाच सापडावं म्हणून..."

"म्हणून पाहुण्याने घरच्यांच्या भिंती रंगवायच्या?"

"मग काय, मुकं करू त्याला?"

"मुकं नको. आपलं नाव सांगून बोलू दे. पण त्यातलं काय लिहायचं, कुठे, किती, ते घरचा प्रोग्रॅम ठरवेल. घरच्यांनी विचारलं नाही, तर गप्प बसायचं."

दीर डोकं खाजवत दुरुस्तीला बसले. जरा वेळाने म्हणाले, "चहा तरी?"

"घरच्यांनी विचारलं नाही," ताई म्हणाल्या. मग उठून आधण ठेवलं.

काल दार पुन्हा उघडं राहिलं. माझ्यात एकच ओळ पडली. घंटा वाजली. "आले रे बाबा," म्हणत मावशींनी कोपराने दार लोटलं.

आता नियमाप्रमाणे मलाही पुसतील. पुसा. थकलोय. लायब्ररी लिहिणाऱ्यांनो, लेकरांना तेवढं वळण लावून पाठवा. माझ्यामागून येणाऱ्या लॉगमध्ये त्या एका ओळीपुरती जागा राहू द्या.