सही राहून गेलेली गाडी

बाईंनी गाडी विकली त्याला चौदा महिने झाले होते, पण कागदोपत्री ती अजून त्यांच्याच नावावर होती. गाडी घेणारी बेकरीवाली दोनदा येऊन म्हणाली होती, "बाई, नाव बदलायच्या अर्जावर तेवढी सही द्या." बाईंनी एकदा चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं, एकदा तब्येतीचं निमित्त केलं.

खरं कारण वेगळंच होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या नावाने टपाल येणं जवळजवळ थांबलं होतं. भाचा फोन करी, तोही चुकून लागल्यासारखा. गाडीच्या कंपनीची पत्रं मात्र नेमाने येत, आणि 'आदरणीय महोदया' अशी सुरू होत. सही केली की तेही बंद!

असंच एक पत्र फ्रिजवर पडलं होतं. बिघडलेली बेल दुरुस्त करायला आलेल्या म्हाताऱ्या वायरमनने चहाचा कप ठेवताना ते पाहिलं.

"बाई, हे वाचलंत का?"

"वाचलं की. गाडीतला कुठलासा भाग सदोष आहे, फुकट बदलून देतात. पण गाडी आता माझी कुठे आहे?"

"मग जिच्याकडे आहे तिला कळवलंत?"

बाईंनी त्याचा कप उचलून मोरीत ठेवला.

"कंपनीला काय स्वप्न पडणार आहे, गाडी कुणाकडे गेली ते?" वायरमनने पत्र डोळ्यांजवळ धरलं. "इंजिनाच्या पंख्याच्या वायरचा जोड सैल पडतो म्हणे. सैल जोड तापतो, बाई."

"मला काय सांगता? तीस वर्षं विज्ञानाच्या तासाला मुलांना हेच शिकवलं मी."

"मग तर तुम्हाला आधी कळायला हवं होतं!"

बाईंचा चेहरा उतरला. वायरमन पुढे वाचत होता. "गाडी बंद असली तरी पेट घेऊ शकते. काम होईपर्यंत घरापासून लांब, उघड्यावर लावा. कुठे लावते ती?"

बेकरीच्या मागच्या शेडमध्ये. वरच्या खोलीत ती आणि तिची मुलगी राहत. बाईंनी तिचा नंबर लावला.

"काय बाई, सहीचा मुहूर्त लागला वाटतं!"

"सही राहू दे. गाडीत जळका वास येतो का?"

"येतो ना, दोन-तीन आठवडे झाले. पण मी भट्टीपाशी राबणारी बाई, मला तर उशीलासुद्धा जळका वास येतो!"

"गाडी बाहेर काढ! आत्ताच! सुरू करू नकोस, माणसं बोलावून ढकल. मुलीला आधी खाली आण!"

फोन तसाच चालू राहिला. बाईंच्या खोलीत दुसऱ्या घरातला गोंगाट ऐकू येऊ लागला. जिन्यावर धावणारी पावलं, "अगं चप्पल राहू दे", "डावीकडे घ्या, डावीकडे". महिनोन्महिने त्या खोलीत इतकी माणसं बोलली नव्हती.

दोन दिवसांनी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकने दोघींना काढलेला भाग दाखवला. प्लॅस्टिक वितळून काळं पडलं होतं. बेकरीवालीने तो भाग हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"बाई, पत्र कधी आलं होतं?"

"सहा आठवडे झाले." बाई खोटं बोलल्या नाहीत.

बेकरीवालीने पिशवीतून अर्ज काढून पुढे ठेवला. बाईंनी सही केली आणि हळूच म्हणाल्या, "पाकिटावर नाव माझं होतं, पण पत्र तुझं होतं गं. मी ते अडवून बसले."

"चुकलंच तुमचं," बेकरीवाली म्हणाली. "या कधीतरी" असं ती म्हणाली नाही. बाईंनीही त्याची वाट पाहिली नाही. त्या एकट्याच घरी परतल्या.

आपल्यापैकी कितीजणांनी विकलेल्या गाडीचं नाव बदलायचं 'बघू नंतर' म्हणून ठेवलं आहे? धोक्याची सूचना कागदावरच्या नावाला जाते. आग मात्र गाडीजवळच्या माणसाला गाठते. गाडी ज्या दिवशी द्याल, त्याच दिवशी नावही देऊन टाका. आणि दुसऱ्याच्या जिवाशी संबंध असलेलं पत्र चुकून आपल्या दारी आलं, तर चहा निवायच्या आत ते त्याच्यापर्यंत पोचवा.